जितकं घासलं तितकं पिवळं

लॉकडाऊनच्या वर्षी मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून सहावीच्या मुलांना वर्णांची उच्चारस्थानं शिकवत होते. मी शाळेत हिंदी शिकवते. घरी मराठी, बाहेर हिंदी, जबलपुरात आमच्यासारख्यांचं असंच असतं. त्या दिवशी कंठ्य झाले, तालव्य झाले, मूर्धन्य झाले आणि दंत्य आले. त, थ, द, ध. जीभ वरच्या दातांना कुठे टेकते ते मी वर्गात पहिल्या बाकापाशी जाऊन तोंड उघडून दाखवत असे. इथे बाक नव्हतं, म्हणून कॅमेऱ्याजवळ तोंड नेलं, ओठ मागे ओढले आणि सावकाश म्हटलं, "त. देखो, जीभ कहाँ लगी?"

बाजूच्या चॅटच्या पट्टीत एक ओळ आली. 'मॅम के दाँत कितने येलो हैं.' खाली दोनतीन हसरे चेहरे. लिहिणाऱ्यानं ती लगेच पुसली. बहुतेक मित्राला पाठवायची होती आणि सगळ्यांना गेली. मी वाचलंच नाही असं दाखवून 'थ'कडे वळले. पण 'थ' म्हणताना ओठ पूर्ण उघडले नाहीत. 'द' आणि 'ध' मी फक्त तोंडी सांगितले आणि गृहपाठ देऊन तास पाच मिनिटं आधीच संपवला.

मग रेकॉर्डिंग लावून पाहिलं. न पाहता राहवलं नसतं. स्क्रीनभर माझं तोंड, आणि त्यात माझे दात, कणकेच्या रंगाचे. किडलेले नाहीत, वाकडे नाहीत, पण पिवळे. इतक्या वर्षांत हे मला कोणी सांगितलं कसं नाही, असं वाटलं. मग वाटलं, सांगितलं नसेल कारण सगळ्यांना दिसतच होतं.

माझं माहेर जबलपुरातल्याच गढ्याचं. आमच्या घरात सगळ्यांचे दात असेच. बाबांचे, काकांचे, भावाचे. बाबा सुपारी दातांनी फोडत, ऊस दातांनी सोलत, आणि गेले तोवर त्यांचा एक दातही पडला नव्हता. त्या दातांचं आम्हाला कौतुकच होतं, रंगाचा विषय कधी निघाला नाही. लग्नाच्या अल्बममध्ये मी सगळ्या फोटोंत दात दाखवून हसते आहे. त्या संध्याकाळी मी तो अल्बम कपाटातून काढला आणि प्रत्येक पानावर फक्त दात पाहिले.

त्यानंतर हे सुरूच झालं. बातम्या देणाऱ्या बाईचे दात, भाजीवाल्याचे दात, शेजारच्या बिल्डिंगमधून बाल्कनीत येऊन बोलणाऱ्या वहिनींचे दात. कोणी बोलायला लागलं की माझी नजर डोळ्यांवरून खाली घसरायची. लोक मास्क लावत तेव्हा बरं वाटायचं, त्यांचे दिसत नाहीत आणि माझेही नाहीत. तरी मास्कच्या आत मी जीभ दातांवर फिरवत असे, जणू जिभेला रंग कळतो.

आमच्या घरात तेव्हा चौघं. मी, नवरा, सासूबाई आणि मुलगी. नवरा सरकारी नोकरीत, स्वभावानं शांत, समोरच्या भिंतीचा रंग बदलला तरी त्यांच्या लक्षात यायला महिना जातो. सासूबाई ऐंशीच्या घरातल्या, बोलायला तिखट. मुलगी तेव्हा नववीत. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. आजी तिच्याशी मराठीत भांडते आणि ती आजीशी हिंदीत.

बाथरूमच्या आरशामागच्या कपाटात मुलीची एक वेगळी टूथपेस्ट होती. दात पांढरे करणारी. फोनवर कुठेतरी पाहून तिनं मागवली होती. एका सकाळी दार लावून मी ती ब्रशवर घेतली. निळसर जेल, कडक पुदिन्याचा वास, दातांखाली बारीक रेतीसारखं काहीतरी कचकचत होतं. चूळ भरली आणि आरशात पाहिलं. खरंच पांढरे दिसले. इतकी खूश झाले की नाश्ता करेपर्यंत दोनदा आरशाकडे जाऊन आले. दुपारपर्यंत मात्र रंग पुन्हा होता तसाच. पुढे कळलं की त्यातल्या निळ्या रंगामुळे दात थोडा वेळ पांढरे भासतात. तेव्हा मला वाटलं, माझं घासणं कमी पडतंय.

मग मी घासायला लागले. सकाळी आणि संध्याकाळी आणि कधी दुपारच्या जेवणानंतरही. मऊ ब्रशनं काय होणार, म्हणून कडक ब्रश आणला. कोळशाची काळी पूड मिळते असं कळलं, तीही आणली. ती लावली की बेसिन काळं व्हायचं आणि मला वाटायचं, काहीतरी निघतंय. त्याच सुमारास वजन कमी करायचं म्हणून सकाळी उठल्या उठल्या कोमट पाण्यात लिंबू पिळून प्यायची सवय लागली होती. ते पिऊन झालं की दातांवर जीभ फिरवली तर एक करकरीतपणा लागे, धुतलेल्या काचेसारखा. तो मला आवडायचा. त्याच करकरीत दातांवर लगेच मी तो कडक ब्रश चालवत असे. आंबटानं डाग सैल झाले की ब्रशनं लगेच निघतील, असा माझा हिशेब.

सासूबाईंच्या खोलीला लागून बाथरूम. एकदा बाहेर आले तर त्या दारातच उभ्या.

"काहून एवढं घासून राहिली?" त्यांनी विचारलं. "पितळेचा डबा आहे का तो?"

"काही नाही आई, पान खाल्लं होतं काल."

"तू पान खात नाहीस," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

पेस्टची ट्यूब संपली तशी मी तशीच दुसरी आणून त्याच जागी ठेवली. मुलीला कळू नये की तिची पेस्ट आई वापरते. चौदा वर्षांच्या मुलीसमोर त्या ट्यूबचं कारण सांगायचं म्हणजे चॅटमधली ती ओळ मोठ्यानं वाचून दाखवायची. ते मला नको होतं. पुढे तीही संपली, आणखी एक आणली. मुलगी काही बोलली नाही, मीही काही बोलले नाही.

शाळा उघडली. मास्क हळूहळू हनुवटीवर आले, मग गेले. वर्गात उभं राहिलं की मला वाटायचं, कोणत्या मुलानं ती ओळ लिहिली असेल. पुढच्या बाकावरचा, की खिडकीजवळची ती दोन वेण्यांची. मी फळ्यावर जास्त लिहायला लागले, बोलायला कमी. हसू आलं की हात तोंडावर. स्टाफरूममध्ये कोणी विनोद केला तर मी पदरानं तोंड झाकून हसते हे एका शिक्षिकेनं ओळखलं. म्हणाली, "आप तो एकदम नई बहू जैसी हँसती हैं." मी त्यावरही हात ठेवूनच हसले.

पुढच्या थंडीत एका सकाळी स्कूटरवर शाळेला निघाले होते. राइट टाउनच्या गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागले, समोरून गार वारा आला आणि एका सायकलवाल्याला "अरे भैया" म्हणायला मी तोंड उघडलं. वरच्या डाव्या दातात सुई घुसावी तशी कळ गेली, थेट डोळ्यापर्यंत. मी स्कूटर कडेला घेतली. ओठ मिटले तर कळ गेली. पुन्हा थोडे उघडले, पुन्हा आली. त्या दिवशी मी नाकातोंडावर ओढणी गुंडाळून शाळेत पोचले, आणि पुढे ती रोजचीच झाली.

मग एकेक गोष्ट सुटत गेली. गार पाणी गेलं. आइस्क्रीम गेलं. गरम चहाही झोंबायला लागला, मी कप हातात धरून तो कोमट व्हायची वाट पाहत बसायची. बाजारात शिंगाडे आले. उकडलेला शिंगाडा समोरच्या दातांनी फोडायची माझी लहानपणापासूनची सवय. पहिलाच फोडला आणि डोळ्यांत पाणी आलं. जाम आले, म्हणजे पेरू, ज्यांना इथे बाजारात बिही म्हणतात, तेही चाकूनं बारीक चिरून खायला लागले. नवऱ्यानं पाहिलं आणि म्हणाले, "जाम कधीपासून चिरून खायला लागलीस?" मी म्हटलं, "मीठ-तिखट लावायला बरं पडतं." ते "अच्छा" म्हणाले आणि त्यांनी अख्खा जाम कचकन चावला.

फोनचा दिवा लावून मी आरशात दात पाहिले. हिरड्यांजवळ ते आधीपेक्षा जास्त पिवळे दिसत होते, जवळजवळ मोहरीच्या तेलासारखे. खालच्या कडा मात्र पारदर्शक झाल्या होत्या, त्यांतून पलीकडचा अंधार निळसर दिसत होता. डाव्या बाजूला दोन दातांवर हिरडीपाशी खाचा होत्या, नख अडकेल इतक्या. शहाणं माणूस तिथेच थांबलं असतं. मला वाटलं, एवढं घासूनही पिवळे होतात म्हणजे आतून काहीतरी बिघडलंय, लिव्हर असेल, कॅल्शियम असेल. आणि तोवर निदान वरून तरी घासावं. दुखऱ्या दातांची एक वेगळी पेस्ट मिळते, ती औषधाच्या दुकानातून आणली. सकाळी पांढरं करणारी, संध्याकाळी दुखणं थांबवणारी. एक पेस्ट बिघडवायची, दुसरी सावरायची, आणि मला दोन्हींचा आधार वाटायचा.

रोज रात्री ठरवायची की डॉक्टरकडे जाईन, आणि सकाळी वाटायचं, आज जरा कमी आहे. जीव कशात लागत नव्हता. वह्या तपासताना जीभ त्या खाचेत, फोनवर बोलताना जीभ त्या खाचेत. रागही लवकर यायचा. मुलीनं फ्रिजमधली बाटली माझ्यासमोर ठेवली तरी मी तिच्यावर वसकन ओरडायची.

एका रविवारी दुपारी सासूबाई त्यांच्या खोलीत कवळी धुऊन वाटीत ठेवत होत्या. मी त्यांना औषधाची गोळी द्यायला गेले आणि त्या वाटीकडे पाहत राहिले. आमच्या घरातले सगळ्यांत पांढरे दात तेच.

"काय पाहून राहिली?" त्या म्हणाल्या. कवळी नसली की त्यांचे शब्द मऊ होतात.

"काही नाही. छान पांढरे आहेत."

"हो ना. कवळी बसवली तेव्हा डॉक्टरनं रंगांची पट्टी समोर धरली. विचारलं, कोणता देऊ. मी म्हटलं, सगळ्यात पांढरा. तो म्हणाला, अम्मा, इतने सफ़ेद दाँत किसी के नहीं होते. मी म्हटलं, तू दे." त्यांनी वाटी जरा बाजूला सरकवली. "घरी आली, तर तुझ्या सासऱ्यांनी मला पाहिलं आणि म्हणाले, कोणाचे दात घालून आलीस?"

त्या हसल्या. मग गोळी हातात घेऊन म्हणाल्या, "टाळूवर ते प्लास्टिक बसते. चव अर्धी तिथेच मरते. आंब्याची फोड तोंडात टाकते, तर गोड आहे एवढं कळते, आंबा आहे हे डोळ्यांनी पाहावं लागते. माझे दात पायरियानं गेले, हलून हलून. काढून टाकायचे तेव्हा मला वाटलं, सुटली. सुटली नाही मी."

मी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे धरला.

"तुझं दुखून राहिलं," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलं. "चहा थंड करून पिऊन राहिली तू. किती दिवस झाले मी पाहून राहिली. उद्या जा. माझ्यासारखं करू नको."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी शहरातल्या ओमती भागात गेले. तिथे पोलीस ठाण्याच्या अलीकडच्या गल्लीत, चष्म्याच्या दुकानावर एक दातांचा दवाखाना आहे. डॉक्टर पन्नाशीचे, हळू बोलणारे. त्यांनी खुर्ची मागे टेकवली, दिवा तोंडावर आणला आणि एका नळीनं दातांवर नुसती हवा सोडली. मी खुर्चीचे हात घट्ट धरून अर्धी उठलेच.

"अच्छा," ते म्हणाले. "कौन सा पेस्ट करती हैं आप?"

"जो सब करते हैं. नॉर्मल."

ते छोटा आरसा माझ्या तोंडात धरून एकेका दाताकडे पाहत राहिले. त्यांनी तो बाहेर काढला तशी मी आपणहून बोलायला लागले. पांढरी करणारी पेस्ट सांगितली, कोळशाची पूड सांगितली, कडक ब्रश, दिवसातून किती वेळा, सगळं. त्यांनी विचारलं, सकाळी काही आंबट घेता का. मी लिंबूपाणी सांगितलं.

"पहले नींबू पानी, फिर ब्रश?"

"हाँ, तुरंत."

त्यांनी तो छोटा आरसा बाजूला ठेवला, खुर्ची सरळ केली आणि माझ्या हातात एक मोठा आरसा दिला. मग एका बारीक काडीनं दाखवत त्यांनी समजावलं. दातावर सगळ्यांत वरती जो थर असतो, इनॅमल, तो अंगातल्या सगळ्या गोष्टींपेक्षा कठीण, हाडापेक्षाही. पण तो जवळजवळ पारदर्शक असतो, आणि त्यात जीव नसतो. कातडी सोलली तर पुन्हा येते, हाड मोडलं तर जुळतं, हा थर गेला की गेला. त्याच्या खाली जो थर असतो तो मुळातच पिवळा. तो जिवंत असतो, गार-गरम त्याला कळतं. अशा पेस्टमधली बारीक रेती चहाचे, हळदीचे वरवरचे डाग काढते, तेवढं काम ती खरोखर करते. कोणी कधीमधी मऊ हातानं वापरली तर फार बिघडतही नाही. पण मुळातला रंग ती बदलू शकत नाही. आणि लिंबानं तो थर थोडा वेळ मऊ पडतो. त्या मऊ थरावर कडक ब्रश, रेती आणि कोळसा, रोज.

"आप दाँत साफ़ नहीं कर रही थीं, मैडम," ते म्हणाले. "छील रही थीं. ऊपर का जितना उतरता गया, नीचे का पीला उतना दिखता गया. और आप और घिसती गईं."

मी आरशात पाहत होते. त्यात माझं तोंड आणि मागे भिंतीवर टांगलेलं कॅलेंडर दिसत होतं.

"पहले भी पीले थे," मी म्हटलं.

"पीले होंगे. गंदे नहीं थे. कुछ लोगों के ऐसे ही होते हैं, और अक्सर मज़बूत होते हैं."

"वापस आएगा?"

"जो गया वो नहीं आएगा. जो बचा है उसको बचाएँगे."

त्यांनी दातांना एक चिकट लेप लावला. खाचा भरायला पुढच्या आठवड्यात बोलावलं. लिंबूपाणी बंद, आणि कधी काही आंबट खाल्लंच तर आधी साध्या पाण्यानं चूळ, ब्रश अर्ध्या तासानं. ब्रश मऊ, हात त्याहून मऊ. मी जिना उतरून खाली आले आणि चष्म्याच्या दुकानाच्या काचेत माझं प्रतिबिंब दिसलं तेव्हा ओठ मिटून घेतले. सवय इतक्यात कशी जाणार.

रस्ताभर मी डॉक्टरचं वाक्य मनात उलटंपालटं करत होते. दुखणं लिव्हरचं नव्हतं याचं हायसं वाटत होतं आणि स्वतःचा संतापही येत होता. घरी पोचल्यावर पर्स खांद्यावर तशीच ठेवून बाथरूममध्ये गेले, ट्यूब, पूड, कडक ब्रश, सगळं उचललं आणि स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मुलगी तिथे मॅगी करत उभी होती. तोवर ती अकरावीत गेली होती. तिनं डब्यात पाहिलं.

"ये क्यों फेंक रही हो?"

"दात खराब होतात याच्यानं. तूही वापरू नको."

ती गॅस बंद करून म्हणाली, "आप ही तो लाती थीं."

"म्हणजे?"

"मैंने तो दो हफ़्ते में छोड़ दिया था. मसूड़े जलते थे. फिर देखा तो नया ट्यूब रखा है. मैं समझ गई."

"काय समजलीस?"

"कि आपको मेरे दाँत पीले लगते हैं." ती कढईकडे पाहून बोलत होती. "आप बोलती नहीं हो. बस चीज़ लाकर रख देती हो. वो पिंपल वाली क्रीम भी ऐसे ही रखी थी. तो मैंने फिर से शुरू कर दिया. फिर एक और आया. फिर एक और."

मी तिथेच स्टुलावर बसले. मुरुमांची क्रीम मीच ठेवली होती, हे खरं होतं. पण त्या ट्यूबा मी तिच्यासाठी आणल्या नव्हत्या. तिच्या जागी लपवून मी माझी लाज ठेवत होते, आणि ती तिथून रोज ती उचलत होती.

"ते माझ्यासाठी होतं," मी म्हटलं. "तुझी पेस्ट मी चोरून वापरत होते. तुला कळू नये म्हणून नवी ठेवायची."

तिचा विश्वास बसला नाही. "आप? क्यों?"

मग मी तिला चॅटमधली ओळ सांगितली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा कोणाला तरी सांगितली. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. तिनं विचारलं, "किसने लिखा था?" आणि अशा आवाजात विचारलं की नाव माहीत असतं तर तिनं त्याला शोधून काढलं असतं.

"तुला दुखतं का?" मी विचारलं.

"ठंडे से. थोड़ा. इस तरफ़." तिनं गालावर बोट ठेवलं. "इसलिए मैं स्ट्रॉ से पीती हूँ."

मी इतके दिवस पाहत होते की ती कोल्ड्रिंक नळीनं पिते. मला वाटायचं, या वयातली फॅशन. सासूबाईंना माझा थंड चहा दिसला आणि मला माझ्याच मुलीची नळी दिसली नव्हती. मॅगी कढईत फुगून गेली. आम्ही ती तशीच खाल्ली, कोमट.

पुढच्या आठवड्यात मी तिला बरोबर घेऊन गेले. वाट पाहताना माझा पाय एकसारखा हलत होता, तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून तो थांबवला. डॉक्टरांनी आधी तिला पाहिलं. मी खुर्चीच्या मागे उभी राहून त्यांचा चेहरा वाचायचा प्रयत्न करत होते, पण मास्कमुळे नुसत्या भुवया दिसत होत्या. डाव्या बाजूची हिरडी थोडी मागे सरकली होती, जिथे तिचा ब्रश जोरात बसतो. थर बहुतेक शाबूत होता. "वक़्त पर आ गई," ते म्हणाले. "अब बस प्यार से ब्रश करना है."

मग माझी पाळी. खाचा भरायच्या आधी त्यांनी दातांच्या आकाराचे छोटे नमुने असलेली एक पट्टी काढली, पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत. एकेक माझ्या दातांजवळ धरून ते रंग जुळवत होते. शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या नमुन्यावर थांबले.

"थोड़ा लाइट नहीं चलेगा?" मी विचारलं. विचारल्याशिवाय राहवलं नाही.

"चलेगा. पर फिर दाँत पर सफ़ेद धब्बा दिखेगा."

मुलगी कोपऱ्यातल्या स्टुलावरून म्हणाली, "मम्मी, जो है वही लगवाओ ना."

मी मान डोलावली. त्यांनी माझ्याच रंगाचं भरण भरलं, वरून निळा दिवा धरून ते घट्ट केलं. घरी आल्यावर सासूबाईंनी मला खिडकीपाशी उजेडात उभं केलं, हनुवटी वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "कुठं भरलं, दिसूनच नाही राहिलं." त्यांच्या दृष्टीनं ते कामाचं कौतुक होतं.

नवऱ्याला त्या रात्री जेवताना सगळं सांगितलं. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "तुझे दात पिवळे आहेत हे मला माहीतच नव्हतं." मी म्हटलं, "तुम्हाला काय माहीत असतं?" मुलगी हसायला लागली आणि तेही हसले.

आता दुखणं पुष्कळ कमी आहे, गेलेलं नाही. थंडीत स्कूटरवर ओढणी लागतेच. वरचा एक दात ऋतू बदलला की आधी कळवतो. दर काही महिन्यांनी डॉक्टरांना दाखवते, ते म्हणतात, जितकं होतं तितकंच आहे. ही चांगली बातमी असते. मी मात्र अजून लोकांच्या दातांकडे पाहते. पांढरे शुभ्र दिसले की पहिला विचार येतो, यांना गार झोंबत असेल का. कोणाला विचारत नाही.

मुलगी गेल्या वर्षी शिकायला पुण्याला गेली. हॉस्टेलवर पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला. ती दुकानात उभी होती.

"मम्मी, यहाँ इतने पेस्ट हैं," ती म्हणाली. "कौन सा लूँ? और मराठी में कैसे बोलूँ, ये अंकल हिंदी सुनके अजीब देख रहे हैं."

"साधी द्या म्हणावं," मी सांगितलं. "कोणतीही साधी."

तिनं तिकडे तोंड वळवून म्हटलेलं मला ऐकू आलं, "काका, साधी द्या ना. पांढरी करणारी नको." मग दुकानदार काहीतरी बोलला आणि ती त्याच्याशी बोलतच राहिली, मोडक्या मराठीत, फोन सुरू आहे हे विसरून. मी तो कानाला लावून ऐकत बसले.